गार हाताची ऊब

१४ ऑक्टोबर

लिआओचा फोन! आमच्या यू-च्येनच्या प्रयोगशाळेतला, तिच्या शेजारच्या टेबलावरचा. पोर देवाघरी गेली त्याला अख्खा उन्हाळा सरला, तरी फोन वाजला की वाटतं तीच. म्हणाला, "काका, महिनाअखेर तिचं टेबल दुसऱ्याला देणार. त्याआधी तिने बनवलेली चिप एकदा शेवटची लावून बघतो. तुम्ही दोघं या." हो म्हणून बसलो. चिप चाललीच नाही, तर पोरीच्या आईचं, चिन-मेईचं काय?

१५ ऑक्टोबर

चिन-मेई आजही जेवली नाही. भाताची पेज तशीच. वाऱ्यावर वाळत घालायची पर्सिमॉनची फळं यंदा टोपलीतच पडलीत. म्हणाली, "त्या चिपच्या तुकड्यापायी पोरीने दुखणं अंगावर काढलं. त्याला काही दिसलं तरी का, एवढंच कळू दे मला."

पोरीने मला समजावलं होतं एकदा. "बाबा, अंगाच्या उबेलाही उजेड असतो, डोळ्यांना न दिसणारा. सिलिकॉनलाही दिसत नाही, आरपार जातो. म्हणून त्यात बारीक खड्डे पाडून वर सोन्याचा थर द्यायचा. सोनं तो उजेड पकडतं, त्यातले कण खवळतात आणि उडी मारून सिलिकॉनमध्ये पडतात. तेवढी वीज मोजायची!" मला उडी तेवढी कळली. वर हसून म्हणाली, "पहिला हात बाबांचा! नुसती बर्फाची लादी. तो दिसला तर कुणाचाही दिसेल."

१९ ऑक्टोबर

सत्यानाश. सगळं माझ्यामुळे.

तिच्या यंत्रावर क्वाय-क्वायचं पाकीट आहे, तिनेच ठेवलेलं. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून हा खाऊ इथे सगळेच ठेवतात. त्याची तारीख उलटत आली होती, आणि शिळं पाकीट राहिलं की यंत्र रुसतं. म्हणून मी नवं नेलं. पिवळं! लिआओ किंचाळलाच, "काका, हिरवं लागतं, हिरवं! पिवळं म्हणजे काम बंद!" झटकन उचललं त्याने, पण व्हायचं ते झालं. मी यंत्रापुढे हात धरून उभा, आणि ऊब दिसली की उठणारी पडद्यावरची रेषा आडवी ती आडवीच.

बसमध्ये चिन-मेई एवढंच बोलली, "रंगसुद्धा कळत नाही तुम्हाला."

२० ऑक्टोबर

पिवळं का घेतलं? पुढे दिसलं ते उचललं. गाढव!

२४ ऑक्टोबर

लिआओच्या हातापाया पडलो, फोनवरच. "आणखी एकदा लाव, बाळा." मग म्हणाला, "काकू जेवतात का?" मी म्हटलं, नाही. "या काका. हिरवं आणा."

२७ ऑक्टोबर

रेषा उठली!

हिरवं पाकीट नेलं, तारीख दुकानदारणीकडून दोनदा वाचून घेतली. "आजोबा, मशीनला एवढं जपता, बायकोला जपता का?" म्हणाली. लिआओने पाकिटावर पोरीचं नाव लिहिलं. खोलीत गारठा. मी कोटाच्या खिशात हात खुपसून यंत्रापुढे, चिन-मेई माझ्या पाठीशी, नजर पडद्यावर. लिआओने विचारलं, "काका, तयार?" — आणि रेषा उठली! चिन-मेई ओरडली, "दिसलं! माझ्या पोरीच्या चिपला दिसलं!" मग तिथेच खाली बसून रडली. आत्तापर्यंत रडलीच नव्हती.

घरी आल्यावर तिने वाडगाभर भात खाल्ला, मुळ्याचं सूप प्यायली. वर मलाच टोमणा, "हिरवं नेलंत तेव्हा कुठे!" मी मान हलवली. जास्त लिहवत नाही आज.

२८ ऑक्टोबर

लिआओचा फोन. रडत होता. "काका, मी खोटं वागलो. चिपला काहीच दिसलं नव्हतं, रेषा मी बटण फिरवून उठवली. अहवालात खरं तेच लिहिलंय. पण काकूंना..."

म्हटलं, ठाऊक आहे रे, बाळा. तिला सांगू नकोस. सकाळपासून पर्सिमॉन सोलत बसलीये.

रेषा उठली तेव्हा माझे हात अजून खिशातच होते.