पालकाचं वय पाल्यापेक्षा जास्त असावं

तीर्थरूप वन्संना भावजयीचा नमस्कार पोचावा.

तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात उजवा दुखत होता आणि त्याच्या आधीच्या पत्रात डावा, तेव्हा दुखणं नक्की कुठे मुक्कामाला आहे ते कळवा, म्हणजे मला एकाच गुडघ्याची काळजी करता येईल. इकडे सगळे खुशाल. मीही. कामाच्या टेबलापाशी ह्यांचं स्टूल आहे तिथेच आहे आणि त्यावर कोणी बसत नाही, एवढं सोडलं तर घर पूर्वीसारखं चाललं आहे.

पत्राला कारण असं काही नाही. (कारणाशिवाय मी लिहीत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, पण या खेपेला तसं समजू नका.) तुमच्याकडून मला पैसे नकोत हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. बातमी एवढीच, की मी विद्यापीठात नाव घातलं आहे आणि आता ते लोक ते कापून टाकणार आहेत.

हसू नका. माझं वाचन कसं झालं ते तुम्ही पाहिलं आहेच. छापखान्यातून मोठाले छापील ताव यायचे, ते दुमडून घड्या घालायच्या, मग हे त्या घड्या शिवून पुस्तकं बांधायचे. घड्यांचं काम मी आणि शेजारच्या शिंपीणबाई वाटून घ्यायचो. पुस्तकाचे पहिले ताव माझ्याकडे, शेवटचे त्यांच्याकडे. शिंपीणबाईंना अक्षरओळख नव्हती, मला वाचायचा नाद. त्यामुळे जगातल्या बऱ्याच पुस्तकांचा पहिला अर्धा भाग माझा पाठ आहे आणि दुसरा अर्धा भिंतीपलीकडे राहिला. बांधून झालेले गठ्ठे तर दुकानातूनच परस्पर जायचे. मग जेवताना मी विचारायची, अहो, त्या जहाजाच्या कप्तानाचं पुढे काय झालं? आणि हे घास घेता घेता शेवट सांगायचे. संसार असा चालला. चांगला चालला.

ह्यांच्या मागे दुपारी घर फार मोठं वाटायला लागलं. शाळा अर्धवट राहिलेल्या वयस्क माणसांसाठी विद्यापीठ एक प्रवेशपरीक्षा घेतं, ती मी दिली आणि चक्क पास झाले. (पुस्तकांच्या पहिल्या अर्ध्या भागांवरचा एकही प्रश्न मी सोडला नाही.) विषय घेतला अर्थशास्त्र. मग घरात सभा भरली, की फी कोणी भरायची. मी म्हटलं, शिकणार मी, तर भरेन मी, साठवलेले आहेत थोडे. तर चिरंजीव म्हणाले, "आई, तू मध्ये बोलू नकोस, हा तुझ्या शिक्षणाचा प्रश्न आहे." सूनबाईंचं म्हणणं असं, की आईंनाच भरू द्या, ज्याचे पैसे जातात तोच वेळेवर उठतो. शेवटी घरात ज्याचा पगार त्याचा आवाज, या न्यायाने चिरंजीव जिंकले.

अर्ज द्यायला आम्ही मायलेक गेलो. खिडकीत एक कारकून बसतात, त्यांना सगळे खिडकीवाले म्हणतात. त्यांनी विचारलं, उत्पन्न? म्हटलं, नाही. फी कोण भरतंय? मुलगा. मग पालक म्हणून त्याचं नाव लिहा. म्हटलं, अहो, मी त्याची आई आहे! तर म्हणाले, "नात्याशी आमचा संबंध नाही, काकू. जो पैसे भरतो तो पालक." वन्सं, ज्याच्या शाळेच्या पहिल्या दिवशी मी फाटकाबाहेर रडत उभी होते, तो माझ्या डोळ्यांदेखत माझा पालक झाला. सही करताना अशी काही मान ताठ केली होती त्याने, की मला नकळत सरळ उभं राहावं लागलं.

वर्गातली मुलं चांगली आहेत. मला काकू म्हणतात आणि पुढचा बाक रिकामा ठेवतात (तो तसाही रिकामाच असतो). मागच्या बाकावर एक मुलगा आहे, त्याचं नाव कुणालाच माहीत नाही, सगळे कुंभकर्ण म्हणतात. त्याचे वडील वर्षाची फी एकरकमी भरतात आणि हा वर्षाची झोप एकरकमी काढतो. मी त्याला विचारलं, बाळा, घरीच झोपलास तर पैसे वाचतील ना? तर म्हणाला, "काकू, घरी बाबा झोपू देत नाहीत." त्याच्या शेजारची मुलगी पहाटे बेकरीत काम करून स्वतःची फी स्वतः भरते. झोपते तीही, पण वही उघडी ठेवून. तेव्हा सूनबाईंचा सिद्धांत निम्माच खरा निघाला.

एके दिवशी आमच्या मॅडमनी (माझ्या सुनेपेक्षा लहान आहेत, पण दरारा तुमच्याएवढा) वर्गापुढे विषय टाकला: विद्यापीठातल्या शिक्षणाचा खर्च कोणी करावा? कुंभकर्ण जागा होऊन म्हणाला, वडिलांनी, आणि परत झोपला. कोणी म्हणालं सरकारने, कारण शिकलेला माणूस सगळ्यांच्या उपयोगी पडतो. त्यावर बेकरीवाली उसळली. म्हणाली, "माझ्याबरोबर पाव भाजणारे पण कर भरतात. त्यांची मुलं इथे कधी येणार नाहीत. त्यांनी याच्या झोपेचे पैसे का भरायचे?" मला तिचं म्हणणं पटलं, आणि आधीच्याचंही पटलं होतं. वाचणाऱ्या माणसाची ही मोठी पंचाईत असते.

तेवढ्यात मी मॅडमच्या टेबलावरचं पुस्तक ओळखलं. अहो, मीच तर त्याच्या घड्या घातल्या होत्या! याच विषयावरचं, आणि त्याचा शेवट ह्यांनी मला सांगितलेला. मी उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं, की या पुस्तकाच्या लेखकाने शेवटी असं सिद्ध केलं आहे: ज्याच्यामुळे आपण शिकलो त्याचं देणं पैशांनी फिटत नाही, त्यालाच शिकवावं लागतं. मुलांनी बाकं वाजवली. कुंभकर्णसुद्धा उठला (आवाजाने). मॅडमनी शांतपणे शेवटचं प्रकरण उघडून माझ्यासमोर धरलं. लेखकाचं म्हणणं असं, की विद्यार्थ्याने कर्ज काढावं आणि नोकरी लागल्यावर ते व्याजासकट फेडावं. फिटण्या-न फिटण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. व्याजाचं कोष्टक मात्र होतं.

मी तडक ग्रंथालयात गेले. तिथे सगळी पुस्तकं पूर्ण मिळतात, वन्सं, दोन्ही अर्ध्यांसकट! जहाजाचा कप्तान काढला. हे म्हणाले होते, पोहत किनाऱ्याला लागला आणि पुढे त्याने हॉटेल काढलं. पुस्तकात तो बुडतो. डॉक्टरच्या प्रेमात पडलेली मुलगी तापाने जाते, ह्यांच्या शेवटात त्या दोघांनी मिळून दवाखाना थाटला होता. एक पुस्तक नदीवर होतं, नुसत्या भूगोलाचं. त्याचाही शेवट मी हट्टाने विचारला होता, तर हे म्हणाले, समुद्राला मिळते. तेवढा एकच खरा निघाला. दिवसभर शिवणकाम करणाऱ्या माणसाला वाचायला फुरसत कुठून असणार? आणि मला ठाऊक नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर यायचं. माणसांना मारायचं तर त्याहून जिवावर यायचं. मी हसत होते, मग काही वेळ चष्मा पुसत बसले. ग्रंथपालबाई येऊन म्हणाल्या, बरं नाही का वाटत? म्हटलं, बरं आहे, शेवट वाचतेय.

पण ते देणं न फिटण्याचं वाक्य त्यांना कुठून सुचलं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. घरात एकाचीच फी परवडत होती म्हणून तुमची शाळा सोडवली आणि ह्यांची चालू ठेवली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आमच्या लग्नानंतर लगेच. परत कधी बोलले नाहीत. वर्गात एवढे जण बोलले, वडील, सरकार, बँक, सगळी नावं आली. बहिणीचं कोणी घेतलं नाही. मीही नाही.

तर मी शेवट वाचत सुटले आणि तासांना जायचं राहून गेलं. घरी पत्र आलं: आपला पाल्य वर्गात नियमित हजर राहत नाही, तरी पालकांनी येऊन भेटावं. पाल्य मी. त्या संध्याकाळी चिरंजीव पहिल्यांदाच ह्यांच्या स्टुलावर बसले आणि मला समोर उभं केलं. दुपारी कुठे असतेस? म्हटलं, ग्रंथालयात. तर म्हणाला, "सगळे हेच सांगतात. मीपण बाबांना हेच सांगायचो." आतून सूनबाई म्हणाल्या, "आधी त्यांची संगत तपासा. तो मागच्या बाकावरचा मुलगा मला काही बरा वाटत नाही." मला हसू आलं आणि चिरंजीव भडकले. मग एकदम आवाज उतरला त्याचा. म्हणाला, बाबांनी डोळे फोडून माझी फी भरली आणि मी तीन वर्षं झोपा काढल्या. त्यांना आता काही देता येत नाही. निदान मी जिची भरतोय तिने तरी जागं राहावं. मी मुकाट्याने मान हलवली. पालकाशी वाद घालू नये.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन तो मॅडमना भेटायला गेला आणि तिथेच घोटाळा झाला. खिडकीवाल्यांनी आमचा कागदी अर्ज पहिल्यांदाच संगणकात चढवला, तर तो अडून बसला. त्याचं म्हणणं, पालक पाल्यापेक्षा लहान आहे. खिडकीवाले म्हणाले, "पालकाचं वय पाल्यापेक्षा जास्त असायला हवं, नियम आहे." चिरंजीव म्हणाले, "अहो, मी आईपेक्षा मोठा कसा होऊ?" ते म्हणाले, "ते तुम्ही घरी ठरवा." आता फी कोणीही भरली तरी चालेल, पण महिनाअखेरपर्यंत योग्य वयाचा पालक आणून उभा केला नाही, तर प्रवेश रद्द. फी परत नाही. मॅडम माझ्या बाजूने बोलल्या, कुंभकर्णाने तर आपले वडील देऊ केले (ते माझ्यापेक्षा बरेच लहान निघाले), पण संगणक काही ऐकेना.

असं आहे सगळं. वाईट एवढंच वाटतं, की पुस्तकं कुठे मॅडमच्या तोंडून दोन्ही अर्ध्यांसकट समजायला लागली होती. असो. तुम्ही काळजी करू नका. गुडघ्याला शेक द्या.

तुमची,
भावजय

ता. क. या घराण्यात माझ्यापेक्षा मोठं माणूस आता एकच उरलं आहे. महिनाअखेरच्या आत येऊन एक सही करून जा. फी चिरंजीवच भरणार आहेत, तुम्ही फक्त मोठं व्हायचं.

ता. क. दुसरा: वयाचा पुरावा लागेल. विषय नाजूक आहे, मला कल्पना आहे. आमच्या लग्नात तुम्ही ह्यांच्या थोरल्या बहीण होतात, पुढे कधीतरी बरोबरीच्या झालात, आणि मुलाच्या लग्नात तुम्ही ह्यांना सगळ्यांदेखत दादा अशी हाक मारलीत, तेव्हा हे बिचारे मागे वळून बघत होते. कागद फक्त खिडकीवाले पाहतील. मी तोंड फिरवून उभी राहीन. चिरंजीवांनाही फिरवून उभं करीन.

ता. क. तिसरा: जन्माचा दाखला सापडत नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला चालेल, असं खिडकीवाले म्हणाले. तो तुम्ही जपून ठेवला आहे, हे ह्यांनी मला सांगितलं होतं. शाळा अर्धवट राहिलेल्यांच्या प्रवेशपरीक्षेलाही नेमका तोच कागद लागतो. मी मुद्दाम विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. (बरं, विचारलं.) येताना दोन प्रती आणा.

ता. क. चौथा: तुमचीही फी भरायला चिरंजीव तयार आहेत. फक्त विचारत होते, की आत्या दुपारी झोपते का अजून?