वरचा आकडा

३ फेब्रुवारी, सोमवार
बीपी १६४/१००. डॉक्टरबाईंनी आणखी एक गोळी वाढवली. "घरी काही ताण?"
म्हटलं, "न्हाय की!" उदयसिंह शेजारीच बसले होते. नवऱ्यादेखत काय सांगणार?
आता पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून लिहायचं. मशीन आणलं.

५ फेब्रुवारी
सकाळी १३८. हे तालमीकडं गेले होते. संध्याकाळी पट्टा दंडाला बांधला आणि यांची गाडी दारात आली — १७१! अजून तोंडही उघडलं नव्हतं त्यांनी.

६ फेब्रुवारी
रस्सा पातळ झाला. यांनी ताट सरकवलं. "सव्वीस वर्सं झाली, अजून रस्सा जमंना हिला!" गल्लीला ऐकू जाईल असं.
मी उत्तर देत नाही. बोलणंच बंद करते. चहा पुढ्यात ठेवायचा, वर बघायचं नाही. १६८.

९ फेब्रुवारी
अबोल्याचा तिसरा दिवस. हे दोनदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी भांडी घासत राहिले. १६०.

११ फेब्रुवारी
धाकट्या बहिणीचा फोन. अनुजा मलकापूरला शाळेत शिकवते. "आक्का, ये की आठ दिवस!" निघाले. यांना चिठ्ठी लिहून ठेवली. एसटीत गाढ झोपले.

१४ फेब्रुवारी, मलकापूर
१२६/८०. मशीन बिघडलं वाटलं. अनुजाच्या दंडाला लावलं — ११८. परत माझं — १२४. गोळ्या त्याच. खर्डा तर इथं जास्तच खाल्ला.
अनुजा म्हणाली, "मशीनला काय धाड भरलीया? तुला बरं वाटतंय, एवढंच."

१९ फेब्रुवारी
काल परत आले. आज दवाखाना. बाईंनी कागदावर बोट ठेवलं — "हे मधले आठ दिवस काय केलंत?"
"घरी नव्हते," मी म्हटलं. यांच्यासमोर. स्पष्ट.
वाटलं, आता इथंच आवाज चढणार. हे नुसते खाली बघत राहिले.

२० फेब्रुवारी
सकाळी यांनी घडी घातलेला कागद पुढं केला. "कोपऱ्यावरच्या मेडिकलात मीबी रोज मोजून घेतोय. तू बोलायची बंद झालीस की छातीत भरून येतंय माझ्या."
मी मलकापूरला होते ते आठ दिवस — यांचा आकडा १३०च्या वर एकदाही नाही.
अबोल्याचा तिसरा दिवस — १७८.
माझ्यापेक्षा जास्त.