मावशीच्या दारावरचा पडदा

प्रिय आप्पा,

एका चित्राची खरी किंमत किती पडते, सांगू? चांगला जाड कागद, तो दोनदा फुकट गेला. शोभाचं जेवणाचं टेबल, त्यावर निळा डाग कायमचा बसला. आणि इथल्या मराठी मंडळाची मीटिंग, ती बुडवली म्हणून यंदाचं नाटक बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ते चित्र घेऊन आज त्सुकुबाला जाऊन आलो आणि तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतोय. शेवटी शोभा म्हणाली, "अहो, ज्यांना सांगायचंय त्यांना सांगून टाका एकदा!" म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.

चित्र आपल्या गुत्त्याचं. मी इझाकाया म्हटलं की तुम्ही हसायचात. "दारू मिळते, वर बोलणी मिळतात. गुत्ताच तो!" कावासाकी स्टेशनामागचा बोळ, आत जेमतेम चार टाळकी बसतील एवढी जागा, आणि काउंटरमागे हारुको-सान. तुम्ही आपली उंची सांभाळत वाकून आत शिरलात आणि पहिल्याच दिवशी तिला मावशी करून टाकलंत. "मावशी, जरा तिखट टाक की गं!" असं चक्क मराठीत ओरडायचात, आणि ती बाई मुकाट्याने लाल तिखटाची डबी पुढे सरकवायची!

मी डिप्लोमावाला, भाषेच्या क्लासला जायला ना वेळ होता ना पैसा. माझं सगळं जपानी त्या काउंटरवर कान टवकारून शिकलेलं. तुम्हाला तर पाटीवरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी गरम बशी आधी तुमच्यापुढे यायची. का हो?

आता तिथे पार्किंग आहे. भूकंपात इमारतीला तडे गेले होते, काही वर्षं तशीच उभी होती, मग पाडली. उरला तो तुम्ही काढलेला फोटो, भूकंपाच्याच आठवड्यातला. आपले निम्मे लोक विमानाची तिकिटं शोधत धावत होते आणि तुम्ही बोळात उभे राहून कॅमेरा सरळ धरत होतात. "अशोक, सरक बाजूला, मावशीचं दार येऊ दे." मी सरकलो. त्यामुळे फोटोत मीही नाही आणि तुम्हीही नाही.

रिटायर होऊन पुण्याला गेलात, फोनवर कायम "मी ठणठणीत". तुमच्या आवाजातली धाप मला ऐकू येत नव्हती असं वाटलं तुम्हाला? एकदा तरी खरं सांगायचंत! शेवटच्या फोनवरही स्वतःबद्दल अवाक्षर नाही. एवढंच म्हणालात, "मावशीला भेटून ये रे. मी आठवतो का, विचार."

मावशी आता त्सुकुबाला मुलीकडे असते आणि बरंच विसरते. नुसतं विचारून काय आठवणार? म्हटलं, दुकानच घेऊन जावं. फोटो समोर ठेवून एकेक गोष्ट ताडून रंगवली, छपराची गंजकी पन्हळ, बिअरचे क्रेट, दाराच्या काचेवरची चिकटपट्टीसुद्धा. शोभाला म्हणालो, "केसाचाही फरक नाही. बघशील, मावशी म्हणेल, अशोक-सान, आलात?"

मावशीने चित्र मांडीवर घेतलं. मग तिचं बोट दारावर इकडून तिकडे फिरायला लागलं. "नोरेन कुठाय?"

तो निळा पडदा हो! बाहेर टांगला की दुकान उघडं, आत घेतला की बंद. तुम्ही फोटो काढलात तेव्हा दुकान बंद होतं, म्हणून फोटोत पडदा नाही. आणि मी शहाणा, फोटोबरहुकूम उघडंबोडकं दार रंगवून मोकळा!

मावशी उठायलाच लागली. "बाहेर लावा, लवकर लावा! तो उंच माणूस येईल. त्याला वाचता येत नाही. नोरेन दिसला नाही तर तसाच परत जाईल."

"आई, दुकान आता नाहीये," मुलगी समजावत होती. पण ऐकतेय कोण!

रंग पिशवीत होते. तिथेच बैठ्या टेबलाशी बसलो आणि दारावर निळा पडदा टांगला. त्यावरचं दुकानाचं पांढरं नाव मात्र आलं नाही. जलरंगात पांढरं आधीपासून राखावं लागतं, मागाहून आणता येत नाही. तिला चाललं. "आता येईल," म्हणाली आणि स्वस्थ बसली.

तुम्ही तिला आठवता, आप्पा! नाव नाही निघालं तोंडून, पण वाट बघत होती. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, पण मी ते कुणाला फोन करून सांगू?

आता दुसरं चित्र काढणार आहे, शब्द देतो. नाव पांढरं राखून, पडदा बाहेर लावून, आणि त्याच्याखाली वाकून आत शिरणारे तुम्ही. चेहरा मला जमणार नाही, पाठमोरे चालाल ना? पुढच्या महिन्यात ते तिला नेऊन देईन.

मी त्या चित्रात नसेन. निघताना दारात बूट घालत होतो, तेव्हा आतून मावशीने हळूच मुलीला विचारलेलं ऐकू आलं, "हे रंगवायला आलेले गृहस्थ कोण गं?"

तुमचा,
अशोक