पाहुणीला दिलेला रोट

मळ्यातून, ता. शिंदखेडा
१९ जुलै २०२५

चि. बेबाताईस,

मंजुळावहिनीचे आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्ही मायलेकी पारोळ्यात बऱ्या असाल असं धरून चालते. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू दोनदा ‘बरं’ म्हणतेस आणि तिसऱ्यांदा ठेवून देतेस. पत्र फाडायचं झालं तरी माणूस आधी वाचतो, म्हणून आमच्या समाधानच्या वहीतली चार पानं घेतली. अक्षराला हसू नको. सातवीनंतर हा हात भाकरी थापण्यातच गेला.

पाऊस नावाला आहे. कपाशी वीतभर झालीय आणि तुझे भाऊ रोज सकाळी बांधावर उभे राहून आभाळाकडे बघतात, जणू ते ह्यांचं ऐकणारच आहे. गुडघा दुखतो म्हणतात, डॉक्टरकडे चला म्हटलं की दुखायचा थांबतो.

मळ्यावरच्या पाहुण्यांच्या चार खोल्या आता सहा झाल्या. हिवाळ्यात शनिवार-रविवार जागा मिळत नाही. पुण्यामुंबईची माणसं तुरीच्या काड्यांवर वांगी भाजलेली बघायला एवढ्या लांब येतात, धुराने डोळे चोळतात आणि वर किती छान म्हणतात. एकीने मला विचारलं, मावशी, तुमच्याकडे इतकी शांतता कशी? म्हटलं, बाई, पाणी नाही म्हणून माणसं सुरतेला गेली, ती गेल्यावर जी उरली ती ही शांतता. तर तिने ते पण लिहून घेतलं.

तुला आठवत असेल, तीन वर्षांपूर्वी समाधान पर्यटनाच्या शिबिराला धुळ्याला गेला होता. तिथे सांगितलं, आपल्या गावात दाखवण्यासारखं काय आहे त्याची यादी करून आणा. पोरगा ओट्यावर वही घेऊन बसला. तुझ्या भावाने बराच विचार करून सांगितलं, आपल्याकडे दगड आहेत. मी म्हटलं, ऊन लिही. मी चेष्टा केली होती, त्याने खरंच लिहिलं. आता एप्रिलमध्ये कोथरूडच्या बायका आमच्या गच्चीवर बिबडे-पापड वाळत घालायला येतात. आपण ज्या उन्हाला जन्मभर शिव्या दिल्या त्यात त्या टोपी घालून हौसेने बसतात. हसावं की रडावं कळत नाही, पण पोरगं सुरतेला गेलं नाही, घरात राहिलं, एवढं मला पुरे आहे.

त्याच यादीत खाली मी सांगितलं, श्रावणातली कानबाई पण लिही. समाधानला दोष देऊ नको. देवी यादीत घातली ती मी.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते लिहायला पाहिजे. मगापासून मी वांगी आणि बिबड्यांमागे लपतेय, ते तुला कळलंच असेल. तू लहानपणापासून हुशार.

आखाजीच्या सणाला निंबाला झोका बांधला होता. पाहुण्या बायका झोक्यावर बसल्या, गाणी म्हणायला मला उभं केलं, फोटो काढले. आपल्या घरची माहेरवाशीण एकच, ती आली नाही. त्याआधी भाऊबीजेला पण आली नाहीस. तुझ्या भावाने दुपारपर्यंत ताट झाकून ठेवलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, कामात असेल. का आली नाहीस ते त्यांनाही माहीत होतं, मलाही.

गेल्या कानबाईला समाधानने जो व्हिडिओ टाकला, त्यात नाशिकच्या बाई देवीच्या रोटाचा घास घेताना दिसतात. तुझ्या मयुरीने तो बघितला आणि तुला दाखवला. मग समाधानने तुला निरोप धाडला, आत्या, तो रोट पाहुण्यांसाठी वेगळा केलेला होता, साध्या पिठाचा. त्याचं काही खोटं नाही. मी त्याला जे सांगितलं ते त्याने तुला कळवलं.

बेबा, तो रोट खरा होता.

आपल्या दळणाचा, देवीपुढे ठेवलेला, भाऊबंदांशिवाय कोणी तोंडात घालायचा नाही तो. पाहुण्यांना समाधानने आधीच सांगून ठेवलं होतं, आरती करा, खीर खा, गंगाफळाची भाजी खा, रोट मात्र मागू नका, तो कुळाचा असतो. सगळ्यांनी ऐकलं. पण पंगत उठल्यावर त्या नाशिकच्या बाई चुलीपाशी आल्या. साठी उलटलेली बाई. त्यांचं माहेर अमळनेरकडचं निघालं. म्हणाल्या, माहेरी मुलींना रोट देत नसत, लग्न करून गेले तर सासर घाटावरचं, तिथे कानबाईच नाही, एवढं वय झालं तरी रोटाची चव मला माहीत नाही. आणि माझ्यापुढे पदर पसरला. भिकाऱ्यासारखा नाही गं, ओटी घ्यायला पसरतो तसा. मी विचारच केला नाही. माझ्या वाट्याचा अर्धा रोट मोडला आणि त्यांच्या पदरात घातला. समाधान कौतुकाने व्हिडिओ काढत होता. त्याला वाटलं, आईने पाहुण्यांसाठी काही वेगळं केलं असेल. मी पण मग तसंच म्हटलं.

त्या खात होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मला मयुरी दिसली.

सहा वर्षांची होती. दाजी गेले, सासरच्यांनी दार लावलं, तुम्ही दोघी आमच्याकडे येऊन दोन वर्षं झाली होती. पोर ह्या घरातच मोठी होत होती. पंगतीत समाधानच्या ताटातला तुकडा तिने उचलला, आणि मी तिची मूठ उघडून तो काढून घेतला. सगळ्या भाऊबंदांसमोर. वर म्हटलं, हा तुझ्या कुळाचा नाही. सहा वर्षांच्या पोरीला कूळ काय कळतं? ती माझ्याकडे बघत राहिली, रडली पण नाही. तू ताटावरून उठलीस. आठ दिवसांनी पारोळ्याला खोली बघितलीस.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं, रीत आहे, मी काय करणार. तेरा वर्षं हेच सांगत आले. सासरच्या रोटात तुम्ही नाही, माहेरच्या रोटात तुम्ही नाही, मग तुम्ही कुठे बसायचं, हे रीतीने सांगितलं नाही आणि मी पण विचारलं नाही. आणि एका परक्या बाईने पदर पसरला तर रीत माझ्या ध्यानातसुद्धा आली नाही. म्हणजे मला देता येत होतं. तुलाच दिलं नाही. हे वर्षभर मला आतून खातंय. तुला खोटा निरोप गेला तेही मीच केलं, कारण तुझ्यापुढे खरं बोलायची लाज वाटत होती. आताही वाटते.

गेल्या रविवारी रोटाच्या गव्हाचं ठरवायला भाऊबंद आपल्याकडे बसले होते. तुला माहीत आहे, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे. थोरले म्हणून तोताराम आबा नावं घेत होते. संपली तेव्हा मी दारातूनच सांगितलं, अजून दोन नावं राहिली, बेबा आणि मयुरी. आबांनी कूळ काढलं, म्हणाले, ‘ती आते दुसरा कुयनी शे.’

मी म्हटलं, ‘मंग ती नाशिकनी बाई कोनता कुयनी व्हती, आबा?’

आणि सगळं सांगून टाकलं. रोट खरा होता, मी दिला, पोराशी खोटं बोलले, सगळं. आबांनी काठी घेतली आणि उठले. त्यांच्या घरचे आणि झिपरू भाऊजींच्या घरचे यंदा आपला रोट वेगळा करणार आहेत. आपल्याकडे रोट वेगळा झाला म्हणजे घर वेगळं झालं, हे तुला मी काय सांगू. मगन भाऊजी तेवढे थांबले. म्हणाले, मी येईन, पण वहिनी, घाई झाली. असेल झाली. तेरा वर्षांनी केलेली घाई.

तुझे भाऊ सगळा वेळ खाली मान घालून होते. माणसं गेल्यावर मला वाटलं आता माझ्यावर आग पाखडतील. ते म्हणाले, ‘मी तवाच बोलाले पाहिजे व्हतं.’ आणि कोठीतून गव्हाची गोणी काढून दिली. पत्र स्वतः लिहा म्हटलं तर नाही म्हणाले, तू लिही, मला जमणार नाही. रडले ते, बेबा. मी लग्नानंतर दुसऱ्यांदा त्यांना रडताना पाहिलं, पहिल्यांदा सासूबाई गेल्या तेव्हा.

समाधानला मी बजावलंय, कानबाईच्या दोन दिवसांत मळ्यावर पाहुणा नको, यादीतून देवी काढ. त्याचा चेहरा उतरला, सगळ्या खोल्या भरल्या होत्या. पण मी खोटं सांगून त्याच्या हातून काय करवलं ते कळल्यावर म्हणाला, आत्याला मी घ्यायला जातो. मी नको म्हटलं. ओढून आणलेलं माणूस मला नको आहे. तुला वाटलं तर ये.

कानबाई तीन ऑगस्टला, रविवारी आहे. तुझी आणि मयुरीची मूठ मी आज माझ्या हाताने काढली आणि दळणात मिसळली. आता वेगळी काढता येणार नाही. देवीला काय वाटायचं ते वाटो, तिच्याशी मी बघून घेईन. मयुरीला हे पत्र वाचून दाखव किंवा नको दाखवू, तुझी मर्जी. पण तिला ते आठवत असेल, तर सांग की मामीला पण आठवतं.

तुला माहीत आहे, रोट उरला तर परक्याला देत नाहीत, जनावराला घालत नाहीत, जमिनीत पुरतात. तू आली नाहीस तर तुमचे दोन वाटे मी कोणाला देणार नाही. स्वतःच्या हाताने खड्डा करून पुरीन. एवढं मात्र माझ्याकडून करवून घेऊ नको.

तुझ्या लेकीची मूठ उघडणारी,
मंजुळा