पोस्टर कलरमधला तुमचा चेहरा

बाबा, तुमचा चेहरा माझ्या हातून पुसला गेला. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, सकाळी, ओल्या कपड्याने. बाकी सगळं तसंच होतं, खांदे होते, ती चौकड्यांची शाल होती, मागची भिंत पण होती. फक्त गळ्याच्या वर एक मातकट डाग उरला. कोणाला सांगू शकत नाही म्हणून तुम्हाला सांगते. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, तुम्ही तर आता रागावू पण शकत नाही.

कसं झालं ते सांगायचं तर आधी हे सांगावं लागेल की मी शाळा सोडली. नववीनंतर. तुमच्याच शाळेत होते ना, तर जो तो म्हणायचा, "अरे, ही ड्रॉइंगवाल्या सरांची मुलगी," आणि मग मला फळ्यावर काहीतरी काढायला लावायचा. मी उभी राहायचे आणि हातात खडू तसाच. एक दिवस गेलेच नाही, फिर दुसऱ्या दिवशी पण नाही. आई क्लिनिकच्या रिसेप्शनवरून थकून यायची, तिने महिनाभर समजावलं, रडली, मग ती पण चुप झाली. आता मी सांवेर रोडला एका युनिटमध्ये जाते. तिथे मोठ्या मशीनमधून कॅनव्हासवर चित्रं छापून निघतात, जगभरातली, हॉटेलांसाठी, डॉक्टरांच्या वेटिंग रूमसाठी. दोन-तीन दीदी त्यावर ब्रशने पारदर्शक जेल फिरवतात, म्हणजे हात लावला तर खरं पेंटिंग वाटावं. वरून लॅकर मारतात, म्हणजे पाणी लागलं तरी रंग निघत नाही. ते सुकलं की ओल्या कपड्याने पुसायचं आणि पॅक करायचं. पुसायचं काम माझं. बादलीत पाणी, पाण्यात थोडा शाम्पू, कपडा पिळायचा आणि चेहऱ्यांवरून फिरवायचा. दिवसभर. कोणाचं काही बिगडत नाही.

सगळी तुमच्या फाईलमधलीच चित्रं आहेत, बाबा. ती फाईल, जुन्या कॅलेंडरची पानं कापून चिकटवलेली, रविवारी सकाळी तुम्ही ओट्याखाली फरशीवर पसरून बसायचे आणि आई पोहे हलवता हलवता ओरडायची, "तेलाचे हात लागतील, उचला ते." तुम्ही उचलायचे नाही. मला याद आहे, ती मोठी निळी लाट तुम्ही माझ्यासमोर धरता आणि म्हणता, हे काढणारा जपानी म्हातारा घर साफच करायचा नाही, घाण झालं की घर बदलायचा, असं आयुष्यभर. "आणि आपण इंदोरवाले! आपल्या इथे असता तर चलान कापलं असतं बिचाऱ्याचं." आई हसते, पोहे लागतात खाली. मग ती दूध ओतणारी बाई. तुम्ही मला बाईकडे बघूच देत नाही, भिंत दाखवता. भिंतीत वर एक खिळा आहे आणि बाजूला एक भोक, जिथे कधी खिळा होता आणि आता नाही. "सासूच्या घरात राहायचा हा पेंटर, घरात अकरा लेकरं, केवढा कल्ला असेल. आणि ह्याने बसून काय काढलं, तर रिकामं भोक. कोणी मागितलं होतं का? पण त्याने भिंत बघितली होती ना, खरोखर बघितली होती."

ती दूधवाली आमच्याकडे खूप चालते. मागच्या महिन्यात सुपरवायझर भिया आले, बोट ठेवून म्हणाले, "ये क्या है? दाग है प्रिंट में. सब में है! पार्टी माल वापस फेंकेगी." जेलवाली दीदी म्हणाली, "भिया, मच्छर बैठ गया होगा मशीन में." सगळे हसले. मग त्यांनी प्रत्येक पीसवर त्या भोकावर भिंतीचा रंग लावायला सांगितला. मी तिथेच होते, कपडा हातात. मला बोलायचं होतं की भिया, तो दाग नाही, ते त्याने काढलंय, तीनशे-साडेतीनशे वर्षांपासून आहे ते. तोंड उघडलंसुद्धा. दीदीने विचारलं, "क्या हुआ?" मी म्हणाले, "कुछ नहीं." आणि सगळी भोकं बुजली. मी ती पुसून पॅक केली.

पण मला दुसरंच सांगायचंय. तुम्ही आजारी होते तेव्हाची गोष्ट. फाईल पलंगावर आली होती तोपर्यंत, पोह्यांची सकाळ संपली होती. तुम्ही मला ते बादशहाच्या वेळचं चित्र दाखवलं, एक मरायला टेकलेला माणूस, लोडाला टेकून बसलेला, अंगावर फक्त हाडं. तुम्ही सांगत होते की हा दरबारातला बडा माणूस, दारू आणि अफूने खाऊन टाकला त्याला, घरी जायची रजा मागायला पालखीतून आला. आणि बादशहा त्याला बघून हादरला आणि पेंटरना म्हणाला, ह्याचं चित्र काढा. मी अकरा वर्षांची होते, मी म्हणाले, "छी, किती खराब राजा." तुम्ही चित्र माझ्या अजून जवळ धरलंत. मग म्हणालात, "राजाचं सोड. पेंटरचं सोच. त्याला एकेक फासळी बघावी लागली असेल. मरणाऱ्या माणसाकडे कोणी बघत नाही बेटा, सगळे औषधाच्या बाटलीकडे बघतात. ह्याने बघितलं. ही पण इज्जतच आहे." आणि मग एकदम, "चल, तू काढ मला. पेन्सिल घे."

मी पेन्सिल घेतली. उशी काढली. पाण्याची बाटली काढली, खिडकीचे गज मोजून काढले. तुमच्या जागी जागा सोडली. तुम्ही कागद मागितला, बघितला, आणि हसलात. "तकिया तर एक नंबर आलाय. पण मी कुठे आहे?" मी म्हणाले, मला होमवर्क आहे. तुम्ही म्हणालात, "शरम कशाची? बापच आहे तुझा," आणि हे हसून म्हणालात, पण नंतर भिंतीकडे तोंड केलंत. दुसऱ्या दिवशी आईला दाढीचा आरसा मागितला. ऑइल कलरच्या वासाने तुम्हाला उलटी यायची म्हणून माझा शाळेचा पोस्टर कलरचा डबा घेतला. स्वतःच स्वतःला काढलंत, चार दिवस लागले. त्यानंतर दोन आठवडे पण नाही झाले आणि तुम्ही गेलात.

आई म्हणते फोटोतले तुझे बाबा तर बरे असतानाचे आहेत, ते कोणाचेही असू शकतात, मला शेवटचे पाहिजे. आजारपणात तुम्ही कोणाला फोटो काढू दिला नव्हता, तर शेवटचे तुम्ही फक्त त्या कागदावर होते. तुम्ही गेल्यावर राजेंद्र नगरमध्येच आम्ही लहान घरात आलो तेव्हा सामान उतरवताना फ्रेमची काच फुटली. आई म्हणाली, नवीन बसवू, आणि राहून गेलं. तसंच लावलं भिंतीला. रोज सकाळी निघायच्या आधी ती तिथे उभी राहून तुम्हाला सांगते, आज डॉक्टर लवकर येणार आहेत, आज पोर नीट जेवली नाही.

त्या शनिवारी आई मामाकडे साखरपुड्याला देवासला गेली होती, रविवारी संध्याकाळी येणार होती. मला युनिटमधून सुट्टी होती. सोचलं, ती येईपर्यंत दिवाळीची सगळी सफाई करून ठेवते. पंखा पुसला, कपाट पुसलं, फ्रेम उतरवली. बादलीत पाणी, थोडा शाम्पू, कपडा पिळला आणि चेहऱ्यावरून फिरवला, जसं रोज करते. दोनदा फिरवला. पोस्टर कलर, बाबा. मला माहीत होतं. मला दुसरीपासून माहीत आहे की पोस्टर कलर पाण्याने निघतो. हाताने विचारलंच नाही. कपडा उलटा केला तेव्हा दिसलं की त्यावर गुलाबी आणि पिवळं आलंय, ते तुम्ही होते.

मी खूप वेळ फरशीवर बसले. मग दुकानातून रंग आणले. सोचलं, कागद सुकला की परत काढते, मला येतं तेवढं, तुमचीच मुलगी आहे. शाल जिथे संपत होती तिथून सुरू केलं आणि गळ्यावर थांबले. गाल किती आत गेले होते? डोळे पिवळे होते की ते मी नंतर कोणाकडून ऐकलं? ओठ बंद होते की थोडे उघडे? बाबा, मला काहीच येत नव्हतं. उशीच्या अभ्र्यावरची फुलं येत होती, बाटलीचं झाकण येत होतं. शेवटी तुमचं शाळेचं ओळखपत्र काढलं कपाटातून आणि त्यातला चेहरा काढला, आणि गाल अंदाजाने आत घेतले, डोळ्यांखाली थोडा काळा लावला. आजारी दिसावा म्हणून. रविवारी दुपारी संपलं. वाईट नव्हतं आलं, हेच वाईट होतं.

आई आली. बॅग ठेवली, चप्पल काढता काढता वर बघितलं. मी किचनच्या दारात. तेव्हाच मला दिसलं की तीळ चुकलाय. तुम्ही आरशात बघून काढलं होतं, तीळ दुसऱ्या गालावर आला असेल, मी ओळखपत्रातला बघून ह्या गालावर दिला होता. आई बघत राहिली. मी सोचलं, आता म्हणेल. ती म्हणाली, "आज जरा बरे दिसताहेत तुझे बाबा. पुसलंस वाटतं." आणि मग तुम्हाला साखरपुड्याचं सांगायला लागली, कोण आलं, कोणी काय नेसलं, मामीने श्रीखंडात किती साखर घातली होती. त्या माणसाला सांगत होती जो मी बनवला होता. आणि मी गॅस लावला, चहा ठेवला.

आता तीन आठवडे झाले. ती रोज बोलते त्याच्याशी, आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते. सांगितलं तर तिचे शेवटचे तुम्ही पण जाल, नाही सांगितलं तर ती अशीच कोणाशी तरी बोलत राहील. दोन्हीत तुम्ही नाही.

हे कागद आईच्या हाताला लागले तर सगळं कळेल तिला, म्हणून हे घरात ठेवता येणार नाहीत. उद्या सांवेर रोडच्या बसमधून उतरले की फाडीन. एकच अजून. मी वर लिहिलं की ओल्या कपड्याने पुसला गेला, पण त्याच्या आधी पण मला याद नव्हता तुमचा चेहरा. सहा वर्षं त्या चित्राखालून जात-येत होते, बाबा, आणि एकदाही वर बघितलं नाही.