आपल्या घोंगडीतल्या पिसवांविषयी

खटाव-माळ-मेषमंडल-सार्वभौम, घोंगडी-किरीट-मंडित, वेत्रदंडधर, उर्वरित-औषध-विनियोग-धुरंधर, मार्जारकुलांतक, दिवंगत आबा यांस.

वडिलांना लावायचे 'तीर्थरूप' हे विशेषण विस्मरणाने नव्हे, पूर्ण विचारांती गाळले आहे. तीर्थात बुडालेला जीव निदान जिवंत वर यावा, अशी माझी माफक अपेक्षा असते, आणि आपण सिद्ध केलेल्या जलातून कोण कसे वर आले हे आपणास ठाऊक आहे. आपल्या पश्चात इतकी वर्षे मी आपल्याला काही लिहिले नाही, कारण लिहिण्याजोगे प्रेम नव्हते. आजही नाही. आज पिसवा आहेत.

निवेदन असे की, आई आता माझ्याकडे सांगलीला असते. वडूजकडचे घर बंद करून येताना तिने दोनच वस्तू मागितल्या, आपली काळी घोंगडी आणि आपल्यामागे आपणहून दारात येऊन बसलेली पांढरी मांजर. मांजर आता वृद्ध झाली आहे आणि अहोरात्र त्या घोंगडीवर पद्मासन घालून असते. या उन्हाळ्यात ती मान खाजवू लागली, पुढे शेपटीच्या मुळाशी दातांनी केस उपटू लागली. मी शाळेतून आलो की गॅलरीत आमचा नित्यविधी चाले. आई मांडीवर मांजर घेई, मी सूक्ष्मदंत कंकतिका, म्हणजे बारीक दातांची फणी, मानेपासून शेपटीकडे सावकाश ओढी आणि फणीत सापडलेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवी. फणीतून झडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवले की लाल होत. ते मांजरीचेच रक्त, पिसवांच्या पोटातून परत आलेले. तीस विद्यार्थ्यांना संधींपासून विभक्तींपर्यंत नाचवणारा मी, संस्कृताचा अध्यापक, एका वाडग्यावर वाकून कीटकांचे अंत्यविधी करत असे. आपण पाहिले असते तर म्हणाला असता की शेवटी मेंढक्याचाच धंदा केलास की रं, तोही एकाच जनावरावर.

फणीने पिसवा निघत, पण संपत नसत. मांजर खाईनाशी झाली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी तिचा ओठ वर करून दाखवला. हिरड्या चुना लावल्यासारख्या पांढऱ्या होत्या. पिसवांनी रक्त पिऊन हिला पोकळ केली आहे, त्या म्हणाल्या. फणी चालू ठेवा, पण म्हातारी मांजर केवळ फणीवर तगायची नाही, मानेवर औषधाचा थेंब सोडायलाच हवा, शिवाय ती झोपते ते अंथरूण धुवायला हवे, अंडी तिथे असतात. त्यांनी मांजर वजनकाट्यावर ठेवायला हात पुढे केला आणि आईने पदर मांजरीवर ओढला.

"औषिद नगं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिले. शिकलेल्या माणसाच्या घरी हे अज्ञान कसे, असा तो कटाक्ष होता. मी तो सोसला. उत्तर देण्याची जबाबदारी वस्तुतः आपली होती, परंतु आपण नेहमीप्रमाणे अनुपस्थित होता.

ते उत्तर आता मीच आपल्याला सांगतो. आठवा, मेंढरांची लोकर कातरून झाली आहे. मी कॉलेजच्या सुट्टीत घरी आलेलो आहे. अंगणात कापलेल्या लोखंडी पिंपात आपण गोचिडांचे औषध कालवले आहे आणि एकेक मेंढरू त्यात बुडवून बाहेर सोडत आहात. आई वडूजच्या बाजाराला गेली आहे. शेवटचे मेंढरू निघते, पिंपात पाणी उरते, आणि उरलेले औषध पाहून आपल्याला जो आनंद होई तो आपल्याला दुसऱ्या कशानेही झालेला मी पाहिला नाही. आपण कुत्रे बुडवता. कुत्रे अंग झाडून पळते. मग ओसरीवरची आईची मांजर, बोकी, मानगुटीला धरून आणता. मी म्हणतो की आबा, ते मेंढरांचे औषध आहे. आपण हसता.

"किडा त्योच, मग औषिद येगळं कशाला? तुज्या संस्कृतात लिवलंय व्हय तसं?"

मांजर अंग चाटून कोरडे करते, मेंढरू करत नाही. एवढा फरक उभ्या आयुष्यात जनावरे राखलेल्या माणसाच्या ध्यानात आला नाही. आई बाजारातून आली तेव्हा बोकी बाजेखाली थरथरत होती, तोंडातून लाळ गळत होती. दिवस मावळण्याआधी संपली. आपण म्हणालात, "दुसरं आणू की." आणलेतही. मेढ्याकडच्या कुण्या पाहुण्याकडून एक पिलू आणून आपण तिच्या ओटीत टाकलेत. आईने त्याला दूध पाजले आणि संध्याकाळच्या आत शेजारी नेऊन दिले. त्यानंतर आपण असेपर्यंत आपल्या घरात मांजर आले नाही. आपण याला तिचा हट्ट म्हणत होता, तोही चारचौघांत, पारावर बसून, हसून.

सांगलीच्या दवाखान्यातून आम्ही औषधाविना परतलो. दोन्ही वेळा फणी फिरवली. मांजर उठून पाण्यापर्यंत जाईना. थेंब आईच्या नकळत सोडणे मला सहज शक्य होते. ती पूजेला बसते तेवढा वेळ पुरेसा होता. मी वजनाविना, अंदाजानेच कुपी आणून खिशात ठेवलीसुद्धा. मग जाणवले की ही युक्ती मला कुणाकडून वारशाने मिळाली आहे, आणि इतका संताप आला की मी कुपी तिच्यासमोर जमिनीवर ठेवली. सांगितले की हे मांजराचेच औषध आहे, मेंढरांचे नाही, कुत्र्याचेही नाही. हिचे वजन करून मग त्या मापाचे आणायचे आणि जीभ पोचत नाही अशा जागी, मानेच्या मागे सोडायचे. सोडू का, असे विचारले. नको म्हणालीस तर परत करीन, असेही म्हणालो, आणि तसे करणार होतो.

आई बराच वेळ मांजरीच्या मानेवरचे केस बोटांनी दुभंगत राहिली.

"त्येंनी इचारलं न्हवतं," ती म्हणाली. "मी बाजारात हुते. आल्यावर इचारता आलं आसतं." मग तिने केस तसेच दोन्हीकडे धरून ठेवले. "सोड. पर वजन आदी."

वजन केले, कुपी बदलून त्या मापाचे औषध आणले आणि थेंब सोडला. मांजर आता खाते आहे, हिरड्यांना किंचित गुलाबी रंग आला आहे. आपल्या समग्र पशुवैद्यकाचे खंडन एका थेंबात झाले, याचा मला यथेच्छ आनंद आहे आणि तो मी लपवत नाही.

हे पत्र कुठेही जाणार नाही. आपला पत्ता मजकडे नाही, आणि असता तरी तिकिटाचा अपव्यय केला नसता. परंतु एक किरकोळ बाब आहे. घोंगडी. अंडी तिच्यातच आहेत आणि ती धुतल्यावाचून पिसवा परतणार, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले आहे. त्या गरम पाणी म्हणतात. आई म्हणते आटंल. आपण ती दरवर्षी ओढ्यावर स्वतः नेऊन धूत होता, कुणाला हात लावू देत नव्हता, आणि कसे धूत होता ते कुणालाही सांगून गेला नाहीत. मी सांगलीत लाँड्रीवाल्यांकडे चौकशी केली. घोंगडी म्हटल्यावर ते हसतात. तेव्हा नाइलाजाने, आणि हे लिहिताना मी दातओठ खातो आहे, मला आपल्यालाच विचारावे लागत आहे: पाणी ऊन घ्यायचे की गार? आणि वाळवताना टांगायची की पसरायची? मी तिच्यावरच बसून लिहितो आहे आणि आत्ता माझ्या डाव्या घोट्याला काहीतरी चावले.