सिलिकावर बसवलेलं पॅलेडियम

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दुसरी हाक सुचत नाही. आज माझ्या विद्यार्थिनीने गाळलेलं द्रावण पुन्हा तापत ठेवलं आणि मला उल्हासनगरच्या कॉलेजातली आपली लॅब आठवली. पॅलेडियम हा उत्प्रेरक सिलिकाच्या कणांवर पक्का बसवायचा, म्हणजे काम झालं की नुसतं गाळून तो परत वापरता येईल आणि धातू ना औषधात उतरेल ना सांडपाण्यात, हा माझ्या पीएचडीचा विषय. हवा तो पदार्थ भरपूर मिळत होता. प्रबंध देऊन टाकायचा आणि मग लग्न, असं घरी ठरलेलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "रिअ‍ॅक्शन अर्ध्यावर आली की गरम असतानाच गाळ. कण काढल्यावरही ती पुढे सरकली, तर धातू कणांवरून सुटून द्रावणात आलाय."

ती सरकली. मी चिडले. "मॅडम, हे विचारणार कोण आहे?" तुम्ही हातमोजे काढत म्हणालात, "मी विचारतेय ना." मग मला अंबरनाथ पश्चिमेला तुमच्या घरी नेलंत. ओट्याला टेकून मी रडतेय, आणि तुम्ही माझ्या ताटात भाकरी आणि सुकटीची चटणी वाढताय. त्या रविवारी तुम्ही मांजर्लीला आमच्याकडे आलात. बाबांना म्हणालात, "हिला थोडा वेळ द्या. धातूला सिलिकाशी बांधणारा दुवा बदलावा लागेल." बाबांना दुवा कळला नाही, पण मॅडम स्वतः घरी आल्यात एवढं कळलं. "बघतो मुलाकडच्यांना विचारून," ते म्हणाले. मुलाकडचे थांबले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात नव्या दुव्याने धातू धरून ठेवला. गाळलेलं द्रावण कितीही तापवलं तरी रिअ‍ॅक्शन जिथल्या तिथे. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात आणि त्याही क्षणी म्हणालात, "माझ्यामुळे तुझं जमलेलं मोडलं गं." तुमच्या आजारपणात भेटायला आले तेव्हाही तेच. मी दरवेळी "असू दे मॅडम" म्हणून विषय बदलायचे.

खरं सांगू? नकार आल्याचं बाबांनी सांगितलं, त्या दिवशी मी पोटभर जेवले आणि शांत झोपले. मला ते लग्न करायचंच नव्हतं. मोडल्याचा आनंद झाला असं मुलीने कसं म्हणायचं, म्हणून गप्प राहिले, आणि तुम्ही ते ओझं घेऊनच गेलात. आता हे कुठल्या पत्त्यावर टाकू?